गडग्याबाहेर

जर्मनीच्या पूर्व भागात, येनाला पीएचडी करत होते तेव्हा खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. भिंगं घासण्यात आयुष्य गेलेलं, वय अठ्ठ्याहत्तर. टेकडीवर त्यांची बाग होती आणि बागेत स्वतःच्या हातांनी बांधलेलं लाकडी घर. बायको गेल्यापासून त्यांचा जीव त्या घरातच अडकला होता. दर रविवारी मी त्यांच्याबरोबर जायचे, प्लमचा केक खायचे आणि जर्मन सुधारायचे. सुधारलं नाही, ते सोडा.

जमिनीचा मूळ मालक युद्धानंतर पश्चिमेला पळाला होता. पूर्वेच्या साम्यवादी सरकारनं त्याची जमीन लोकांना बागांसाठी दिली आणि कायदा केला, जमीन कुणाचीही असो, घर बांधणाऱ्याचं. मग ते सरकार काय, तो देशच गेला. जमीन मालकाच्या मुलाकडे परत गेली. पश्चिमेच्या कायद्यात घर जमिनीच्या मागे जातं. बागवाल्यांना पंचवीस वर्षांचं अभय होतं, तेही त्या वर्षी संपत होतं.

वसंतातच आजोबांनी मला विचारलं होतं, "आता काय होईल?" मी पडले कुळाची नात. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांच्या वडिलांना, कूळ कायद्यात खोतांची सुपारीची बाग मिळाली. त्याच सुपारीवर मी शिकले. मी ऐटीत म्हणाले, "अहो, कसेल त्याची जमीन. चाळीस वर्षं राबलात, कोण हात लावतो बघू." इथल्या कायद्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण म्हातारा माझ्यावर विसंबला आणि अख्खा उन्हाळा खपून त्यानं घराचं छप्पर नवं केलं.

ऑक्टोबरात जागा सोडायची नोटीस आली. पुढच्या रविवारी आम्ही टेकडीवर गेलो तर धुक्यात कुंपणाबाहेर एकजण उभा. सत्तरीचा, टोपी हातात. किती वेळ उभा होता देव जाणे. मालकाचा मुलगा, त्यानंच सांगितलं. आजोबांनी फाटक उघडलं. तो आत आला, न अडखळता गवताच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि टाचेनं माती उकरू लागला. खालून विहिरीचं दगडी झाकण निघालं. आजोबा चाळीस वर्षं त्याच जागी खुर्ची टाकून बसत होते, त्यांना पत्ता नव्हता.

"तुम्ही इथे आधी आला होता?" आजोबांनी विचारलं.

"कधीच नाही. वडील रोज जेवताना सांगायचे. फाटकापासून एकोणीस पावलं."

हे मी आधी पाहिलं होतं. लहानपणी आमच्या बागेच्या गडग्याबाहेर, त्या दगडी कुंपणापलीकडे, खोतांचा मुलगा असाच येऊन उभा राहायचा. एकदा मला म्हणाला, "त्या फणसाखाली खण, आमच्या जुन्या घराची पायरी लागेल." मी खणलं. पायरी लागली. आबांनी ती बुजवली आणि मला बजावलं, त्या माणसाकडे बघायचं नाही. आम्ही पोरं त्याला वेडा म्हणायचो.

हिवाळा सरता सरता मालकाचा मुलगा किल्ली न्यायला आला. मऊ आवाजात म्हणाला, "मला वाईट वाटतं. पण कायद्यानं हे माझंच आहे."

"जा, गेनाऊ," आजोबा म्हणाले. म्हणजे जर्मनमध्ये, हो, खरंच आहे. नव्या छपराकडे त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. मी शेजारी उभी होते. मला लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी आजोबा घरी सापडेनात. मी टेकडीवर गेले तर ते कुंपणाबाहेर उभे होते, टोपी हातात. मी दोनदा हाक मारली. वळले नाहीत. ओठ हलत होते, पावलं मोजल्यासारखे.

तिथूनच मी बाबांना फोन लावला. विचारलं, "आपल्या गडग्याबाहेर तो उभा राहायचा ना, त्याला आपण कधी आत बोलावलं होतं?"

"कशाला?" बाबा शांतपणे म्हणाले. "कायद्यानं बाग आपलीच आहे."