धक्का दिल्याशिवाय पाठ टेकू नये

घर आणि गॅरेज यांच्यात एकच भिंत, तीही एका विटेची. त्यामुळे पलीकडचं भांडण ऐकायला मिस्त्रीच्या बायकोला कान लावावा लागत नसे. ऐकू येऊ नये म्हणून भांडी आपटावी लागत. त्या दिवशी तिनं भांडी आपटली नाहीत. भांडणारा एक तिचा नवरा होता आणि दुसरा सख्खा मोठा भाऊ.

"जावईबापू, गाडी उचलायला किती वेळ लागतो हो?" भाऊ विचारत होता. गॅरेज त्याचं, आवाजही त्याचाच.

"उचलायला दोन मिनिटं," नवरा म्हणाला.

"मग सकाळपासून काय चाललंय?"

"कुठं उचलायची ते बघतोय."

"चार वाजता गिऱ्हाईक येतंय माझी गाडी विकत घ्यायला. लोंबता सायलेन्सर दाखवू त्याला? ही ठकठक आज बंद. जमत नसेल तर उद्यापासून घरी बसा, बहिणीला भाजी निवडू लागा."

भाजी तिच्या पुढ्यातच होती. तिला हसू आलं, पण क्षणभरच. नवऱ्याला भाजी निवडता येत नव्हती, आणि दुसरं गॅरेज त्याला ठेवून घेणार नव्हतं.

कारण त्याची ठकठक गावभर माहीत होती. जुनी गाडी आली की हा पठ्ठ्या हातोडी घेऊन तिच्या दाराखालची कडा इथून तिथून वाजवत बसायचा. ट्रकला खाली लोखंडी सांगाडा असतो. या मोटारींना तो नसतो, अंगाचा पत्रा हेच त्यांचं हाड. ते कुजलं की जॅक कुठंही लावून चालत नाही. टण वाजलं तर पत्रा जिवंत, धप वाजलं तर मेलेला. मग चाकांना दगड लावायचे, जॅकवर लाकडी ठोकळा ठेवायचा, गाडी वर गेली की खाली भक्कम स्टँड सरकवायचे. एवढं करून गाडीला कंबरेनं एक धक्का द्यायचा. ती हलली नाही, तरच चाकांच्या फळीवर पाठ टेकून गाडीखाली जायचं.

सवयच ती. मुलगी बघायला आला तेव्हाही खुर्ची हलवून मगच बसला होता. भाऊ तोंड दाबून हसला. वडील मात्र म्हणाले, "बसण्याआधी विचार करतो, म्हणजे उठताना पस्तावणार नाही." तिथंच लग्न ठरलं.

ती चहाचे कप घेऊन गॅरेजात गेली. भावाची गाडी नवा रंग लावून आरशासारखी उभी होती. म्हातारीनं पावडर थापावी तशी.

"इथं धप वाजतंय दादा," नवरा म्हणाला. "रंगाच्या आत पत्रा नाही, नुसती पुट्टी भरलीय."

"माझ्या गाडीला नावं ठेवता?" भावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं स्वतः जॅक ओढला, दाराखाली मधोमध लावला आणि दांडा मारू लागला. ठोकळा नाही, स्टँड नाही. गाडी मोठ्या ऐटीत वर गेली. "बघा. झालं की नाही दोन मिनिटांत? द्या ती फळी."

नवरा फळीवर जाऊन बसला.

"उठा."

"आधी एक धक्का द्या. गाडी हलली नाही तर फळी तुमची, आणि उद्यापासून मी येत नाही."

तिनं कप खाली ठेवले. नोकरीवर पाणी सोडायला निघालेला हा माणूस इतका शांत कसा, तेच तिला कळेना.

"गेलात तर कटकट तरी जाईल," म्हणत भावानं कंबरेनं धक्का दिला.

कर्र वाजलं. पिकल्या फळात अंगठा जावा तसा जॅक दाराखालच्या पत्र्यात घुसला. पुट्टीचे खपले पडले आणि गाडी धाडकन खाली बसली. बसली ती बरोबर तिथं, जिथं भावाची छाती असती.

नवरा फळीवरून उठला आणि म्हणाला, "चहा निवतोय."

पडलो तरी नाक वर, हा भावाचा जन्माचा बाणा. चारच्या गिऱ्हाइकाला त्यानं सांगितलं, "नाही विकत. मन गुंतलंय तिच्यात." आणि आठवडाभर येईल त्याला ऐकवलं, "मी धक्का दिला म्हणून वाचलो." पुढं गॅरेजात पाटी लागली: 'धक्का दिल्याशिवाय पाठ टेकू नये. हुकमावरून, मालक.' जावईबापूंनी ती भिंतीवर ठोकली. खिळा ओढून पाहिला, मगच शिडी उतरले. त्याच गाडीचा कुजका पत्रा कापून त्यांनी दोन महिन्यांत नवा जोडला.

वर्षं गेली. दोघांचे केस पिकले, गाडी तेवढी टिकली. एका सकाळी भिंतीपलीकडून भावाची हाक आली: सायलेन्सर पुन्हा लोंबतोय. हे नवऱ्याचं शेवटचं काम ठरणार होतं. चार दिवसांनी तो गेला. त्या सकाळी मात्र त्यानं नेहमीसारखी हातोडी उचलली आणि बायको सोबत निघाली.

त्यानं कडा वाजवली. टण, टण. दगड लावले, ठोकळा ठेवला, गाडी उचलली, स्टँड सरकवले. भाऊ काठी टेकत उभा होता.

"दादा," नवरा म्हणाला.

भावानं काठी बहिणीच्या हातात दिली आणि निमूट कंबरेनं धक्का दिला. गाडी हलली नाही.

मग मिस्त्रीनं फळीवर पाठ टेकली.