आधी बंद करून दाखवा

मांडलेला संसार मोडून पुन्हा मांडणारा माझ्या थोरल्या साडूंसारखा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. संसार अर्थात कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. विंडोजऐवजी लिनक्स घातलं की मशीन तेच ठेवून पडद्याची सगळी मांडणी बदलता येते, हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं आणि घराची शांतता गेली. आज जीनोम नावाची मांडणी, परवा केडीई, पुढच्या आठवड्यात एक्सएफसीई. त्यातली सोपी कुठली, हे ठरवायची त्यांची रीत एकच. आलेल्या पाहुण्याला कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, "चहा नंतर. आधी हा बंद करून दाखवा." बटण सापडेना की पाहुण्याला घाम फुटायचा आणि साडू खुशीत घड्याळ बघायचे. आमचे एक मामा तर त्यांच्याकडे जायचं असलं की घरूनच चहा पिऊन निघत.

करमाडच्या अलीकडे ज्वारीच्या रानात प्लॉट पडले, त्यात त्यांचं घर. वस्ती वाढली, पाणी काही आलं नाही. दुष्काळात सगळा भरवसा टँकरवर. एकदा त्यांनी टँकरवाल्यालाच खुर्चीत बसवलं. "काका, खाली पट्टी असती ना, ती कुटं गेली?" म्हणत तो माऊस फिरवत राहिला आणि बाहेर नळी हौदातून निसटून पाणी रस्त्याला लागलं. "ओ काका, सोडा की त्याला! पानी चाललं ना सगळं!" बायका ओरडल्या. साडू बाहेर आले ते पुटपुटतच, "म्हणजे पट्टी खालीच पाहिजे." आठवडाभर कॉलनी त्यांच्याशी बोलली नाही.

हा खटाटोप कशासाठी, ते मला उशिरा कळलं. ताईंची, म्हणजे माझ्या मेहुणीची, नजर काचबिंदूनं जात चालली होती. परदेशातल्या लेकीला आपल्या हातानं फोन लावायचा, एवढाच त्यांचा हट्ट. "दर वेळी तुम्हाला काय हाक मारायची? माझं मला जमू द्या." डोळे धड असलेले अडतात तिथं हिला कसं सापडणार, हा साडूंचा हिशेब. शेवटी एका मांडणीतलं सगळं काढून त्यांनी कोपऱ्यात ताटलीएवढं एकच पिवळं चित्र ठेवलं; ते दाबलं की थेट लेकीला फोन. ताईंनी पहिल्या झटक्यात लेकीला गाठलं. साडू मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. टँकरचं पाणी असूनही दोनदा.

ताई गेल्या त्याला आता वर्ष होईल. परवा गेलो, तर पडद्यावर तेच पिवळं चित्र.

"बदला की आता, लई डोळ्यांवर येतंय," मी म्हणालो.

"राहू द्या हो. तिला सापडलं होतं ते."

मग ते आत गेले आणि चहा घेऊन आले. परीक्षा झालीच नाही. तो चहा मला गोड लागला नाही.