छातीचं ऑपरेशन

तुम्ही तिघं फोनवर विचारता, "आजी, तिकडे नवीन काय?" आणि मी सांगते, "काही नाही, ऊन." पण यंदा होळीच्या आधी आपल्या यवतमाळच्या घरात जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आता तुम्ही मोठे झालात, म्हणून क्रमानं लिहिते.

तुमची घाटंजीची मावशी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, ब्लाउज शिवते. तिच्यासारखं फिटिंग अख्ख्या तालुक्यात कोणाचं नाही. वीस वर्षं ती दुसऱ्या बायकांची मापं घेत आली आणि स्वतःच्या ब्लाउजला आतून कप लावत आली. दोन मुलांना पाजून झाल्यावर, तिच्याच शब्दांत, "कपडा राह्यला, अस्तर गेलं." चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस तिनं नागपूरला जाऊन स्तनांमध्ये इम्प्लांट बसवून घेतले. तिचा नवरा वणीच्या कोळसा खाणीत आहे. त्याला सगळं ठाऊक होतं. "तुह्या मनाचं कर," म्हणाला आणि ड्यूटीवर गेला. आईला मात्र तिनं सांगितलं नाही.

"आई हसन, मावशी," ती मला म्हणाली. "आन् तिनं हसलेलं मले सहन नाही होणार."

म्हणून आईला 'मावशीला सोबत म्हणून जाते' असं सांगून ती तीन आठवडे आरामाला माझ्याकडे आली.

डिस्चार्जचा कागद इंग्रजीत होता. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा कागदाचा ताबा माझ्याकडे आला. मी तो मराठीत उतरवून फ्रिजवर चिकटवला. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. जड उचलायचं नाही. कुशीवर वळायचं नाही, पाठ पंचेचाळीस अंशांत ठेवून झोपायचं. अंशांच्या बाबतीत मला मोघमपणा चालत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या तरी जुन्या कंपासपेटीतला कोनमापक काढून मी उशा रचल्या.

"मावशी, मी पेशंट हाय," ती म्हणाली, "घसरगुंडी नाही."

पहिले दिवस तिला जड गेले. कोणीतरी छातीवर तुरीचं पोतं ठेवलं आणि उचलायला विसरला, असं तिला वाटे. बाटलीचं झाकण उघडत नव्हतं. वेणी मी घालून द्यायची. काही जागी स्पर्शच कळत नव्हता आणि मध्येच तिथून वीज गेल्यासारखी झिणझिणी येई. शिवाय आरसा होताच.

"मावशी, हे तं गळ्यापाशी आले वं! हनुवटी टेकवून बसता येईन मले."

मी कागद वाचून दाखवला. सुरुवातीला वर आणि ताठ बसतात, काही आठवड्यांत खाली येतात, दोन्ही एकाच वेगानं येतील असं नाही. पाचव्या दिवशी ती रडायला लागली. "कायले केलं मी हे? चांगली होती तं!" पहिल्या काही दिवसांत मन खचतं, असंही कागदात होतं. तेही मी वाचून दाखवलं. रडणं वाढलं. तेव्हा कागद बाजूला ठेवला आणि चहा केला.

आता माझी चूक सांगते.

समोरच्या काकूंनी फाटकातून विचारलं, "पोरगी नागपूरहून आली म्हणे. काय झालं तिले?"

मी खोटं बोलत नाही, आणि खरं सांगायची मला परवानगी नव्हती. इंग्रजीत छातीच्या आतल्या आणि बाहेरच्या प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द आहे आणि तो चारचौघांत उच्चारता येतो. आपल्याकडे स्तन हा शब्द पुस्तकात राहतो. बोलताना हृदयालाही छाती, हिमतीलाही छाती आणि ब्लाउजच्या मापालाही छातीच. मी नीट विचार करून म्हटलं, "छातीचं ऑपरेशन झालं." शब्द न् शब्द खरा होता.

"अवं माय!" काकूंनी फाटकच धरलं. "एवढ्याशा वयात! किती ब्लॉक निघाले?"

तिथेच दुरुस्त करायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, "आता बरी आहे."

दुपारपासून गल्ली भेटायला येऊ लागली. कोणी डाळिंबं आणली, कोणी अर्जुनाच्या सालीचं चूर्ण. रोज कोणाकडून तरी बिनतेलाची भाजी येऊ लागली. ठेच्यावाचून न जेवणारी तुमची मावशी ती उकडलेली दोडकी पाहून म्हणे, "मावशी, ऑपरेशननं नाही मरत मी, हे लोकंच मारतात मले."

कोपऱ्यावरच्या निवृत्त तलाठी काकांची स्वतःची बायपास झालेली. ते अनुभवी माणसाच्या थाटात खुर्ची ओढून बसले. शर्टाची वरची दोन बटणं काढून म्हणाले, "मले इथून इथपर्यंत उभा चिरा. तुले?"

"आडवा, काका. खालून."

"आडवा?" काका विचारात पडले. "नवीन पद्धत असन."

तेवढ्यात ती जरा सरकली आणि आतून स्पष्ट 'गुळुक' असा आवाज आला. आत हवा-पाणी असेपर्यंत असे आवाज येतात, हेही कागदात होतं. काकांनी कान टवकारले.

"व्हॉल्व बसवला वाट्टे."

तिला हसू आवरेना, आणि हसलं की टाके ओढत. ती उशी छातीशी धरून वाकली, डोळ्यांतून पाणी. काका ताडकन उठले. "बाई, गाडी बोलवा! अटॅक आला पोरीले!" त्यांना परत बसवायला मला सरबत करावं लागलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर काकूंची नणंद घाटंजीच्या आठवडी बाजारात माझ्या बहिणीला भेटली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"बाई, माह्या पोरीचं हृदय कापलं अन् तू मले सांगतलं नाही?"

"अगं, ती बरी आहे."

"रोज फोनवर 'बरी हाय'च म्हणून राह्यली होती तू! कालपासून माह्या पोटात पाण्याचा थेंब नाही. डोळ्यानं पाहीन तवाच घेईन. बसमध्ये बसली मी."

तिचे यजमान हृदयानंच गेले, दवाखान्याच्या वाटेवर. त्यातून तिला शुगर. उपाशीपोटी, उन्हात, एसटीत. फोन ठेवून मी भाचीला सगळं सांगितलं.

"तूच सांग, मावशी," भाची म्हणाली. "तुह्या शब्दानं झालं हे."

"शब्द माझा," मी म्हटलं, "छाती तुझी."

बहीण आली ती चपला न काढताच पलंगापाशी गेली. मी पाण्याचा पेला पुढे केला, तिनं हातानं बाजूला सारला.

"आई, हृदयाचं नाही झालं ऑपरेशन," भाची म्हणाली.

"मंग कायचं?"

"छातीचं."

"तेच तं म्हणून राह्यली मी!"

"तसं नाही वं. छातीचं, पण हृदयाचं नाही."

"म्हणजे फुप्फुस?" बहिणीनं पलंगाचा कठडा धरला.

"आई, ब्लाउजमधलं!" भाची ओरडली. "अडतीसचं माप करून घेतलं मी!"

बहिणीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अन् हृदय?"

"धडधाकट आहे," मी म्हटलं. "ऑपरेशनच्या आधी ईसीजी काढला होता. दाखवू?"

तिनं माझ्या हातातला पेला घेतला, एका दमात रिकामा केला आणि स्वयंपाकघरात गेली. मी वाढलं. ती दोन पोळ्या जेवली. तिसरी मोडताना म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं तिनं?"

"तू हसशील म्हणून."

"हसलीच असती," ती म्हणाली. "मंग नागपूरले संगं गेली असती." घास हातातच राहिला. हळूच विचारलं, "लय दुखते का वं तिले?"

"आता कमी आहे."

तिनं हात धुतले, पदराला पुसले, खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी ओट्याशीच उभी राहिले. दाराला कान लावला नाही. बहिणीचा आवाजच मोठा आहे.

"दाखव पाहू."

"आई!"

"काय आई? पाजलं मी तुले. दाखव."

मग पलंग करकरला.

"डावी जराशी वर हाय."

"उतरते म्हणे."

"मंग उतरू दे," बहीण म्हणाली. "सरक तिकडं, बसू दे मले."