लाल पाण्याच्या बातमीचा शेवटचा परिच्छेद

एप्रिल संपत आला की आगरवाड्याच्या मिठागरातल्या काही वाफ्यांचं पाणी लाल होतं. विटेसारखं लाल नव्हे. कोकमाचं आगळ पाण्यात थोडं घातल्यावर दिसतं तसं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत मीठ धरतं, हे तिथे राबणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी लाल का होतं, हे कोणी विचारत नसे.

त्यातले काही वाफे माझ्या आत्याचे. पार्स्यातल्या आमच्या घरापासून ते अर्ध्या तासाच्या चालीवर होते. यजमान गेल्यावर आत्या एकटीच ते बघायची. तिची एक रीत इतर कोणाकडे नव्हती. हंगाम संपताना ती सर्वांत दाट झालेलं लाल पाणी चिनीमातीच्या बरणीत भरून, तोंडाला फडकं बांधून, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवायची. पाऊस सरून नवे वाफे तयार झाले की ते पाणी पहिल्या वाफ्यात ओतायची. त्याला ती विरजण म्हणायची. शेजारचे आगरवाले तिला विचारायचे, यंदा मिठाचं दही घट्ट लागलं का. ती हसून पुढे जायची.

मी त्या वेळी पणजीच्या एका मराठी दैनिकात बातमीदार होतो. राजभाषेचा वाद नुकताच होऊन गेला होता आणि गोव्याला घटकराज्याचा दर्जा देण्याची घोषणा तोंडावर आली होती. पानांवर दुसऱ्या कशाला जागा नव्हती. अशात एका संशोधन संस्थेतल्या बाई मिठागरं पाहायची आहेत म्हणून कार्यालयात आल्या. आगरवाडा पेडण्यातला आणि मीही पेडण्याचा, म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं गेलं.

त्या घाटावरच्या. एरवी त्यांचं काम जहाजावर चालायचं: समुद्रतळाचा गाळ नळीत भरून वर काढायचा आणि त्यात राहणारे सूक्ष्मजीव शोधायचे. वाफ्याच्या बांधावर बसून त्यांनी लाल पाण्याच्या बाटल्या भरल्या. मग एक मिठाचा खडा उन्हात धरून भिंग माझ्या हातात दिलं. खड्याच्या आत पाण्याचा एक बारीक थेंब अडकलेला होता. खडा हलवला की थेंबातला बुडबुडाही हलायचा. त्या थेंबातही तेच लाल जीव असतात आणि बराच काळ जिवंत राहतात, असं त्या म्हणाल्या. जुने समुद्र आटून मिठाचे थर जमिनीखाली गेले, तिथेही हेच घडलं असावं. समुद्र आटताना पाहायला त्यांना इतरत्र कुठेच मिळत नाही, इथे तो दर वर्षी गुडघाभर पाण्यात आटतो.

बरणीचं ऐकल्यावर त्या थेट आत्याच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बरणीपुढे जमिनीवर बसल्या. विरजण हा शब्द त्यांनी दोनदा वहीत लिहिला.

मी बातमी लिहिली. आम्हाला शिकवल्याप्रमाणे महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. पहिल्या परिच्छेदात आगरवाड्याच्या मिठात जिवंत सूक्ष्मजीव सापडल्याचं, दुसऱ्यात लाल रंगाचं कारण, तिसऱ्यात आत्याच्या बरणीचं. आत्याचं नाव दिलं नव्हतं, पण बरणी ठेवणारी ती एकटीच होती. चौथ्या परिच्छेदात, हे जीव माणसाला अपाय करत नाहीत आणि गोड्या पाण्यात क्षणात नष्ट होतात, असं होतं. ते मला उघडच वाटलं होतं, म्हणून शेवटी टाकलं होतं. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. त्या दिवशी जागा कमी पडली. छापून आलेल्या बातमीत एकही चूक नव्हती.

मे महिना मिठाच्या खरेदीचा. चेपणीचे आंबे, म्हणजे बरणीत मिठाच्या पाण्यात दाबून ठेवायचे कच्चे आंबे, आणि लोणची याच दिवसांत घातली जातात. पाऊस येण्याआधी वर्षाचं मीठ घरात भरून ठेवतात. डिचोली आणि सर्वणची काही घरं पिढ्यानपिढ्या आत्याकडूनच मीठ नेत. त्या आठवड्यात कोणी आलं नाही. रविवारी मी गेलो तेव्हा मिठाची रास तशीच होती आणि आत्या तिच्यावर झावळ्या अंथरत होती. झावळ्या पावसाच्या तोंडावर अंथरतात. तिने त्या कामाला आताच हात घातला होता.

सर्वणच्या एका घरून निरोप आला होता, ती म्हणाली: मिठात जीव आहेत, तर उपासाला चालेल का. दुसऱ्या घराने विचारलंच नव्हतं, दुसरीकडून मीठ घेतलं होतं. ते दुसरीकडचं मीठही शेजारच्याच वाफ्यांतलं, त्याच पाण्याचं.

मी कापलेल्या परिच्छेदाचं सांगितलं. नवी बातमी देतो म्हणालो. दिलीही. ती तीन दिवस टेबलावर पडून राहिली. घटकराज्याच्या मजकुराखाली शेवटी ती सापडेनाशी झाली.

पुढच्या रविवारी संस्थेच्या बाई सूक्ष्मदर्शक घेऊन स्वतःच आल्या. त्याच सकाळी सर्वणच्या काकी आल्या होत्या. वय झालेल्या, सोवळ्याच्या कडक, आत्याच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. मीठ न्यायला नव्हे, खरं काय ते विचारायला. त्या बसायलाही तयार नव्हत्या.

आत्याने बाईंना आपल्या माशांच्या आमटीबद्दल एकच प्रश्न केला. "बाय, माका सांग, ते माझ्या हुमणात जगतत काय मरतत?"

बाईंनी काचेवर लाल पाण्याचा थेंब ठेवला आणि आधी काकींना बोलावलं. काकींनी बराच वेळ पाहिलं. बारीक काड्या सळसळताहेत म्हणाल्या. मग बाईंनी कडेने विहिरीच्या पाण्याचा थेंब सोडला. काड्या फुगून गोल झाल्या आणि दिसेनाशा झाल्या. काकींनी डोळा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं काहीच नव्हतं.

"म्हणजे रोज रांदताना आमी त्यांका मारतांव?"

  हा प्रश्न बाईंच्या किंवा माझ्या वहीत नव्हता.

आत्या आत जाऊन ताकाचा पेला घेऊन आली आणि काकींपुढे ठेवला. "काकी, ह्यात पण असतत. बाय म्हणता तसा. तुमी आदी ठरवा, मगे मिठाचा बघूया."

काकींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. काकी ताक प्याल्या. लोणच्याला दोन पोती नेते, पण उपासाला सैंधव आणीन, असं त्या म्हणाल्या. आत्याने ते मान्य केलं.

पोती शिवायच्या आधी आत्याने मला हाक मारली. "पुता, पेपरात कापलेला ता लिही. काकीच्या वाड्यावर सगळ्यांका दाखवपाक होया."

मी खिशातल्या न्यूजप्रिंटच्या कपट्यावर चौथा परिच्छेद जसाच्या तसा उतरवला. आत्याने तो वाचून घेतला आणि परत दिला. दह्या-ताकाचं त्यात नव्हतं. ते पहिलं घाल म्हणाली. मी घातलं. तो कपटा काकींच्या पोत्यात गेला.

दोन दिवसांनी डिचोलीचं एक घर आलं, मग आणखी दोन. येणारा प्रत्येक जण कपटा मागायचा. मी कार्यालयातून न्यूजप्रिंटच्या तुकड्यांची जुडी आणली आणि पाऊस येईपर्यंतचे रविवार राशीजवळ बसून तेच पाच ओळींचं लिहीत राहिलो. घटकराज्याच्या घोषणेची बातमी माझ्या वाट्याला आली नव्हती, त्यामुळे वेळ होता.

पाऊस आला तेव्हा राशीचा थोडा भाग उरला होता. आत्याने त्यावर झावळ्या घातल्या. त्याआधी तिने लाल पाण्याच्या दोन बरण्या भरल्या होत्या. एक नेहमीच्या कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या बरणीच्या फडक्याला तिने माझ्या कपट्यांतला एक बांधला आणि ती संस्थेच्या बाईंना पोचवायला माझ्याकडे दिली.