होर्लोच्या काखेतल्या नळ्या

होर्लोचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. शेगडीत कोळसा, मीठ घातलेला दुधाचा चहा, आणि मग उलानबातरच्या उत्तरेकडची टेकडी उतरून आमच्या दवाखान्यात. मी तिथे बॉयलरवर होतो. तिचं काम माझ्यापेक्षा हलकं दिसायचं. तसं ते नव्हतं.

घरात क्षयाचा रोगी असला की तिथल्या मुलांचं रक्त ती प्रयोगशाळेत पोचवायची. रक्तातल्या राखणदार पेशींची त्या जंतूशी गाठ पडली आहे का, हे तिथे कळायचं. पण पेशी जिवंत हव्यात. आधी हे काम दाम्बाकडे होतं. हिवाळ्यात मांस बाहेर टांगतात, तशी त्यानं चहाला थांबताना नळ्यांची पिशवीही बाहेर टांगली. उणे तीस. सगळ्या मुलांना पुन्हा टोचावं लागलं. दाम्बाच्या हाती झाडू आला.

होर्लो नळ्या मेंढीच्या कातड्याच्या डगल्यात, काखेशी बांधायची.

जानेवारीत तीन वर्षांच्या सोलोंगोचं रक्त घेतलं. बाप खोकत होता. आई तुया म्हणाली, "ताई, एकदाच टोचू दिलंय. हे वाया गेलं तर पुन्हा येणार नाही."

"वाया घालवायला मी दाम्बा आहे का?"

दाम्बा झाडता झाडता म्हणाला, "एका चहापायी किती वर्षं ऐकू?"

"अजून कोमट आहे तो."

त्या दिवशी बस वाटेतच गोठली. होर्लो बर्फातून चार किलोमीटर चालली. शेवटच्या उतारावर पाय घसरला. कुणीही हात पुढे टेकले असते. तिनं दोन्ही हात अंगाशी घट्ट धरले. तोंड कुंपणाच्या फळीवर आपटलं. समोरचे दोन दात गेले.

"ताई, हे काय झालं?" प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली.

"तोंड नंतर. नळ्या बघ."

नळ्या शाबूत होत्या, पेशी जिवंत होत्या, आणि त्यांनी जंतू ओळखला. छातीचा फोटो स्वच्छ होता. म्हणजे जंतू आत होता, रोग नव्हता. सोलोंगोला तेव्हाच औषध सुरू झालं. आई गोळी कुटून ताकात द्यायची, पोर तोंड वाकडं करून गिळायची. ती आजारी पडली नाही.

तुया वाफवलेल्या मांसाच्या करंज्या घेऊन आली. होर्लोला चावता येईनात. "रस तेवढा चोखा, ताई. सारण मी खाते," तुया म्हणाली.

उन्हाळ्यापर्यंतच्या पगारातून होर्लोनं दोन दात बसवले, सोन्याचे. साधे स्वस्त पडले असते, असं मी म्हणालो.

"साधे म्हाताऱ्यांना," ती म्हणाली. "माझे काम करताना गेलेत."