ओचिरचा उजवा हात

रबरी हातमोजे घालण्याआधी ओचिर त्यांत हवा भरायचा आणि कानाशी धरून दाबायचा. बारीक भोक असलं तर फुस्स ऐकू येतं. अंगठी चहाच्या वाटीत काढून ठेवायचा. बॅटरीचा जोड तोडणारी नारिंगी खिट्टी काढली की ती स्वतःच्याच खिशात. मग आतली साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटं खारट चहा, गिऱ्हाईक कितीही तडफडो.

उलानबातरच्या आमच्या गल्लीत हायब्रिड गाडी बिघडली की लोक त्याचंच नाव घ्यायचे. तो आठवी शिकलेला. मी साहित्याचा पदवीधर, त्याच्या शेजारी उभा. उघड्या बॅटरीपाशी एकानं काम करायचं, दुसऱ्यानं नुसतं पाहायचं आणि चूक दिसली की ओरडायचं. पाहणारा मी.

त्या सकाळी माझ्या वडिलांची गाडी आली होती.

"काय डॉक्टर, म्हातारी वाचेल ना?"

"म्हातारी ठणठणीत आहे, बाबा. तुम्हीच तिला थंडीत कुडकुडत ठेवता."

वडील खो खो हसले. माझ्या बोलण्यावर ते असे कधी हसले नाहीत.

"बॅटरीच्या गंजलेल्या पट्ट्या मी घासू का?" मी विचारलं.

"तू बघ, मास्तर. ही काय कविता आहे पाठ करायला?"

खिट्टी काढली की बॅटरीचे दोन तुकडे पडतात, तरी प्रत्येकात भाजून काढण्याइतकी वीज उरते. ओचिर तांब्याच्या पट्ट्या एकेक सोडवून घासत होता. वडिलांनी अंगरख्यातून आजोबांची तपकिरीची कुपी काढून त्याच्यापुढे धरली. हा मान त्यांनी मला कधी दिला नव्हता.

वडीलधाऱ्याची कुपी मोज्यानं घेणं म्हणजे अपमान. ओचिरनं उजवा मोजा काढला, बाही खाली ओढली, कुपी उघड्या तळव्यावर घेतली, हुंगली, परत दिली.

"माझ्या पोटी जन्मायला हवं होतंस रे," वडील म्हणाले.

ओचिर लाजला. हात तसाच बॅटरीकडे गेला. उघडा.

मला दिसलं. 'मोजा' एवढंच म्हणायचं होतं. मी एक श्वास गप्प राहिलो.

बोटं एका टोकाला लागली, मनगट दुसऱ्याला.

दोन बोटं कापावी लागली. "तुझी चूक नाही, मास्तर," तो दवाखान्यात म्हणाला. "मीच हुरळलो." मी मान हलवली. खरं सांगितलं नाही. वडील रोज त्याच्यासाठी मटणाचा रस्सा नेतात, आणि मला अजूनही त्याचा हेवा वाटतो.

गाडीला वडील मला हात लावू देत नाहीत. "ओचिर येईल, तो करील." अकरा पट्ट्या लखलखीत घासून फडक्यावर मांडलेल्या आहेत. बारावी अर्धी घासलेली आहे. बाकीच्यांवर हिरवा गंज तसाच.