किल्लीवाल्याची लेक

पडदा वर जातो तेव्हा समोर एक जिना दिसतो. साधा सिमेंटचा, कठड्याचा रंग उडालेला. खालच्या दारात मी भाजी निवडत बसलेय. वर निळं दार, त्याला आतून-बाहेरून चालणारी तीन कुलपं. मधल्या पायरीवर एक बाई डब्याची पिशवी छातीशी धरून बसलीय. कामाची वेळ टळून गेली तरी उठत नाही.

ही आमच्या किल्लीवाल्याची लेक. चष्म्याच्या दुकानात काचा घासते. हात इतका स्थिर की केसाएवढी चूक व्हायची नाही.

तिचे वडील म्हणजे कुलपांचे वैद्य. आमच्या नाटक कंपनीच्या पोशाखांच्या पेटाऱ्याची किल्ली नेमकी प्रयोगाआधी हरवायची. मग हे वाकडी तार घेऊन यायचे आणि म्हणायचे, "अक्का, राजा आत कोंडलाय वाटतं. काढू बाहेर?" तो माणूस आता लेकीचं नाव विसरला, जेवलो की नाही तेही विसरला. बोटं मात्र काही विसरली नाहीत. तिनं एक कुलूप लावलं, त्यांनी उघडलं. तीन लावली, तिन्ही उघडली. तारा लपवल्या, तर चमच्याचा दांडा वाकवला.

गेल्या महिन्यात ते चार गल्ल्या पलीकडे सापडले. परक्या घराच्या बंद दारापुढे, हातात तार घेऊन उकिडवे बसलेले. भोवती पाच-सहा माणसं, एकाच्या हातात सळई. आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता तर? तेव्हापासून रस्त्यात कुणी मोठ्यानं बोललं तरी ती हातातलं टाकून आधी वडील कुठं आहेत ते बघायची.

वडिलांना सांभाळायला ब्युरोनं पाठवलेली पहिली बाई चार दिवसांत गेली. "आजोबा मला चोर म्हणतात," म्हणाली. दुसरी फोनमध्ये डोकं घालून बसायची आणि आजोबा जिना उतरून गेलेले असायचे. तिसऱ्या मावशी आल्या त्या बुटक्या, जाड, धापा टाकत. तिनं सगळं सांगून औषधांची यादी पुढं केली तर म्हणाल्या, "ती बघते मी. आधी सांगा, त्या परक्या घराचं कुलूप उघडलं होतं त्यांनी?"

"नाही. नुसते बसले होते. मालक समोर उभा राहून 'उघडा' म्हणेपर्यंत कुलपाला हात लावायचा नाही, हा बाबांचा नेम."

"मग इथली कशी उघडतात?"

"घर स्वतःचं आहे ना."

"तर मग आजपासून हे घर त्यांचं नाही," मावशी म्हणाल्या. "ते इथं कामाला आलेत. मालकीण तुम्ही."

ती पांढरीफटक पडली. "पोटच्या मुलीनं बापाला त्याच्याच घरात परकं करायचं?"

"तुम्हाला ते घरात हवेत की नकोत?"

तो या डावाचा पहिला दिवस, म्हणून ती कुलपाचा आवाज येतो का ते ऐकत त्या पायरीवर बसली होती. मी भाजी ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले. इतक्यात वर खुट्ट झालं. मग पुन्हा. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. नाटकातली भाषणं विसरण्याची भीती मी जन्मभर सोसली. ही भीती निराळी होती.

आतून मावशींचा आवाज आला, "किल्लीवाले, मालकीण बाहेर गेल्यात. त्यांना विचारलंत का?"

खुटखुट थांबली. मग जुना, अदबशीर आवाज आला, "नाही हो. बरं झालं बोललात. थांबतो मी."

ती उठली. माझ्या घरात तोंड धुतलं आणि कामाला गेली.

संध्याकाळी परतली तेव्हा माझ्या दाराशीच थबकली. "अक्का, वर चला ना माझ्याबरोबर." गेले. तिन्ही कुलपं जशीच्या तशी होती. पिशवी खाली ठेवून तिनं किल्ली काढली, पण ती भोकात जाईना. काचा घासणाऱ्या बाईची किल्ली, भोकाच्या चहूकडे फिरत होती.

आवाज ऐकून आतून ते म्हणाले, "कोण, मालकीणबाई का? सकाळपासून थांबलोय. तुम्ही फक्त 'उघडा' म्हणा."

तिचे ओठ 'बा' म्हणायला मिटले आणि तसेच राहिले. तिनं दाराला कपाळ टेकलं.

"राहू द्या, किल्लीवाले," ती म्हणाली. "किल्ली सापडली."